अनोळखी क्रमांक सात

अक्का : तलाव? कुठला तलाव?

बापू : हा काय, मागे. पाणी आहे, पाण्यात हंस आहे. खाली ओळसुद्धा लिहिलीय मी. ‘सहलीचा दिवस, तलावाकाठी. सोबत पाहुणे, अनोळखी क्रमांक चार.’

अक्का : अरे बापू, पडदा आहे तो! फोटोवाल्याच्या दुकानातला रंगवलेला पडदा. त्या हंसाचा एक पंख उंदरांनी खाल्ला होता, म्हणून तिथे नेहमी कोणीतरी जाडं माणूस उभं करायचे. आणि पाहुणे कसले, तुझा सख्खा धाकटा मामा आहे हा.

सून : म्हणजे बाबा, सहल रद्द. खोडू का?

बापू : खोडू नकोस, बदल. ‘स्टुडिओतला फोटो. उजवीकडे धाकटा मामा.’ आणि क्रमांक चार यादीतून काढ.

अक्का : हा धाकटा मामा ऐटीत हात पुढे करून का उभा आहे, सांगू? मनगटावर घड्याळ आहे. आता मागचा फोटो बघ. तेच घड्याळ तुझ्या वडिलांच्या हातात. त्याच्या आधीच्यात टोपीवाल्या काकांच्या. सगळ्या घरात मिळून एकच घड्याळ, आणि तेही बंद. फोटोपुरतं फिरायचं.

सून : अय्या, खरंच! सगळ्यांत पावणेचार वाजलेत.

बापू : हे नको लिहायला.

अक्का : का? खरं आहे.

बापू : पुस्तक आईच्या शंभरीचं आहे अक्का. ती असती तर या रविवारी शंभर वर्षांची झाली असती. साठ प्रती काढतोय. उद्या सकाळी फाईल छापायला जाणार. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासली मी, घरच्या पुस्तकात एक चूक राहता कामा नये.

अक्का : हंस पोहत होता की तुझा आत्तापर्यंत.

बापू : तो अंदाज होता. फोटोखाली ओळ रिकामी ठेवायची नाही, हा आमच्या छापखान्याचा पहिला नियम. माहीत असेल तर माहिती द्या, नसेल तर अदमासे काहीतरी द्या. पण रिकामी ओळ नाही.

अक्का : बरं बाबा. बोल पुढे. माझे हात चालू राहू देत. शाळेचे शर्ट आहेत, उद्या द्यायचेत, अजून चाळीस काजं व्हायचीत.

सून : मी सुई ओवून देऊ का, अक्का?

अक्का : ओवली बघ. अजून डोळे दगा देत नाहीत.

बापू : मग आता हा शेवटचा. क्रमांक सात. हा सुटला की मी सुटलो.

अक्का : हूं.

बापू : इकडे बघ ना. ही डाव्या कडेची मुलगी. एकदोन नव्हे, अकरा फोटोंत आहे. प्रत्येक वेळी टोकाला. कुठे अर्धी कापलीय. केस मुलग्यासारखे बारीक, मान खाली. कोण गं ही?

अक्का : नाही बाई सांगता यायचं. इतक्या बारीक फोटोत काय दिसणार मला?

सून : अक्का, आत्ता तर बिनचष्म्यानं सुई ओवलीत.

अक्का : सुईचं वेगळं असतं. सवयीनं ओवली जाते.

बापू : थांब, स्क्रीनवर मोठा करून दाखवतो. हे बघ. पायात काही नाही. फोटोतल्या बाकी सगळ्या पोरांना बूट आहेत, ताईला तर मोजेसुद्धा. त्यावरून मी ओळ केलीय. वाचू?

अक्का : वाच.

बापू : ‘डावीकडून: आई, मोठा दादा, ताई. टोकाला अनोळखी क्रमांक सात, घरातली कामवाली मुलगी असावी. तिच्या कडेवर बापू, वय दीड वर्ष.’

अक्का : तुला मात्र बरोबर ओळखलंस.

बापू : म्हणजे काय! माझ्या कपाळावरची खोक दिसतेय ना. आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकला होता फोटो. बेचाळीस माणसं आहेत. सगळ्यांचं मत एकच पडलं.

सून : कोणीतरी ‘बिचारी’ लिहिलं होतं. त्याला नऊ अंगठे मिळाले.

अक्का : मग झालं तर. बेचाळीस जणांना दिसतंय ते छाप. एका म्हातारीला कशाला विचारतोस?

बापू : असं कसं? दादा गेला, ताई गेली. त्या घरात तेव्हा वावरलेलं आता तूच एक माणूस उरलंयस. आत्या गेल्यापासून, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षापासून अकरा वर्षं होतीस आमच्याकडे. मोलकरीण असली तरी माणूसच ना ती? आईनं नोकराचाकरांनाही फोटोत घेतलं, हे यायला हवं पुस्तकात. आठव जरा. निदान कुठून यायची, कधी सोडून गेली…

सून : बाबा, एक मिनिट. मागचा फोटो लावा. नाही, त्याच्याही मागचा. हा. यात हिच्या कडेवर कोणीच नाहीये.

बापू : मग?

सून : तरी बघा कशी उभी आहे. डावी कंबर बाहेर, उजवा खांदा खाली. मूल उतरवून ठेवलंय, पण अंगाला ते पटलेलं नाही. मी दिवसभर व्यायामोपचाराला आलेल्या लोकांचे खांदेच बघते, बाबा. अक्का, मगाशी तुम्ही दार उघडून पुढे चालत आलात ना, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, लहानपणी यांनी डाव्या बाजूला काय इतकं वाहिलं असेल.

अक्का : बस गं खाली. उगाच काहीतरी. दोऱ्याला पीळ पडला तुझ्या बोलण्यानं.

बापू : कोणाबद्दल चाललंय तुमचं?

सून : बाबा, सात नंबर म्हणजे अक्का आहेत.



बापू : छे. अक्काची वेणी तर कमरेखाली होती. मला चांगली आठवतेय.

अक्का : ती पुढची. मी तुमच्याकडे आले त्याच वर्षी टायफॉइड झाला, केस कापले. मग मामी म्हणाली, राहू देत असेच, रोज वेणी घालायला वेळ कोणाला आहे? पंधराव्या वर्षी मीच हट्टानं वाढवले. तुला कळायला लागलं तेव्हा वेणी आली होती.

बापू : अक्का…

अक्का : आणि मान खाली का, तेही सांगते, म्हणजे तुझी माहिती पुरी होईल. फोटोवाला म्हणायचा, तान्हं मूल हलतं, फोटो बिघडतो, कोणीतरी धरा. की मला आतून हाक. हात पुसत यायचं आणि धरायचं. मामीची ताकीद असायची, तू समोर बघू नकोस, बाळाकडे बघ. तू बघितलंस की तेही बघतं. खरं होतं ते. मी बघेन तिकडे तू बघायचास. पहिल्या दोन फोटोंत ताई आहे माझ्याजवळ. नंतरच्या, एखादा सोडला तर, सगळ्यांत तू. दगडासारखा जड होतास.

बापू : मी तुला हे वाचून दाखवलं. तुझ्याच घरात बसून, तुझ्या तोंडावर.

अक्का : छान वाचलंस. प्रुफं तपासणाऱ्याचा आवाज स्पष्ट असतो.

बापू : थट्टा करू नकोस गं. मला तोंड कुठे लपवू असं झालंय. आल्या आल्या का नाही बोललीस?

अक्का : आल्या आल्या? मला महिना झाला कळून. तुझ्या त्या ग्रुपावरची एक भाची माझ्याकडे ड्रेस आखूड करून घ्यायला येते. तिनं दाखवला फोनवर. म्हणाली, अक्का, बघा ना, आमच्या घरी किती लहान मुलगी कामाला ठेवली होती.

सून : मग तुम्ही काय सांगितलंत तिला?

अक्का : काही नाही. किती इंच आखूड करू, ते विचारलं.

सून : पण का?

अक्का : लाज वाटली मला. खोटं कशाला बोलू? त्या पोरीसमोर ‘ती मी’ म्हणायला जीभ उचलेना. वाटलं, बेचाळीस माणसांना, त्यातल्या निम्म्यांना मी कधी ना कधी न्हाऊमाखू घातलंय, त्यांना जे दिसतंय तेच असेल. मीच इतकी वर्षं स्वतःला घरातली समजत आले असेन. सबंध महिना आरशात बघताना विचित्र वाटायचं. आणि आज तू जिना चढून आलास, तेव्हा मनात म्हटलं, आला. याला कळलं म्हणून आला. पाणी दिलं मी तुला. आणि तू यादी काढलीस.

बापू : अक्का, मी एकदा… मी सहा वर्षांचा असेन. वर्गातला एक मुलगा घरी आला होता. त्यानं विचारलं, ही कोण. मी म्हणालो, आमच्याकडे कामाला आहे.

अक्का : आठवतं तुला?

बापू : आत्ता आठवलं. आत्ता, या खुर्चीवर बसल्यावर. तू दोन पेले घेऊन उभी होतीस.

अक्का : ऐकलं होतं मी. पण त्यात तुझा काय दोष? लहान पोर घरात बघेल तेच बोलणार.

बापू : तेव्हा लहान होतो. आता चौसष्ट वर्षांचा घोडा आहे. तेच वाक्य पुन्हा लिहिलं, आणि साठ प्रती काढायला निघालो.

सून : बाबा, पाणी घ्या थोडं.

बापू : नको. मला बोलू दे, आज नाही बोललो तर परत बोलायचा नाही मी. फोटो पहिल्यांदा मोठा केला ना, तेव्हा तिचा हात दिसला, माझ्या पाठीवर पसरलेला. आणि मनात आलं होतं, अक्का तर नव्हे? एकदाच आलं. लगेच म्हटलं, काहीतरीच. आमच्या घरात सगळ्यांना बूट आणि अक्का अनवाणी, असं कसं असेल? आणि तसं असेल तर मग आईनं… मग मी ठरवून टाकलं कामवाली म्हणून. कामवाली अनवाणी असली तर कोणी काही विचारत नाही. आईच्या पुस्तकाला डाग लागत नाही. न ओळखणं वेगळं, अक्का. मी ओळखायचं टाळलं.

अक्का : हे बोललास ते बरं केलंस.

बापू : मी आत्ता बदलतो ओळ. अकराही ठिकाणी. ‘घरची लेक’ लिहितो. ‘आमच्या घरची थोरली लेक.’

अक्का : लेक नको लिहू.

बापू : का? मनापासून लिहितोय.

अक्का : लेक तुझी ताई होती. ती दप्तर घेऊन शाळेत जायची. मी तिचा डबा पोचवायला जायचे, फाटकापर्यंत. कामवाली लिहिलंस ते एवढं चुकलेलं नाही बापू. फरक इतकाच, की कामवाली संध्याकाळी आपल्या घरी जायची.

सून : बाबा, रडू नका ना.

अक्का : रडू दे त्याला. नाक तेवढं शर्टांना लावू नकोस रे, पांढरे आहेत.

बापू : आई अशी होती? मी अर्पणपत्रिकेत ‘वात्सल्यमूर्ती’ लिहिलंय.

अक्का : ए, मामीला वाईट म्हणायचं नाही. माझी आई गेली तेव्हा तीन मामा होते मला. दोघांनी दार लावून घेतलं. तुझ्या आईनं घेतलं मला आत. टायफॉइडमध्ये एकवीस दिवस उशाशी बसली. मी बरी झाले, आणि बाविसाव्या दिवशी भांड्यांना बसवलं. दोन्ही तिनंच केलं. तुला एकच आई हवीय, म्हणून त्रास होतोय. मी दोघींच्या हाताखाली राहिलेय.

बापू : मग काय लिहू? तू सांगशील ते लिहितो.

अक्का : तुझं काम आहे ते. तू लिही, मी तपासते.

बापू : ‘डावीकडून पहिली: अक्का, बापूची आतेबहीण.’

सून : पहिली! हो की. डावीकडून मोजलं तर अकराही फोटोंत अक्काच पहिल्या येतात. तुम्ही मुद्दाम आजींपासून सुरू केलं होतंत.

बापू : केलं होतं. पुढे टाईप कर. ‘नवव्या वर्षी या घरी आली, विसाव्या वर्षापर्यंत राहिली. घरचं सगळं काम तिनं केलं. बापूला तिनं वाढवलं.’

अक्का : वाढवलं नाही. सांभाळलं.

बापू : ‘बापूला तिनं सांभाळलं.’

सून : आणि शाळेचं?

बापू : शाळेचं काय?

सून : अक्कांना शाळेत घातलं नाही, ते.

बापू : अगं, ते कुठे… एक तर हे पान अर्पणपत्रिकेच्या अगदी समोर येतं. रविवारी सगळे जमणार, आईच्या माहेरची माणसं येणार…

अक्का : राहू दे गं. तो म्हणतो ते बरोबर आहे. मंगल प्रसंग आहे.

बापू : नाही. थांब. बघा, पुन्हा तेच करायला लागलो मी. टाईप कर. ‘तिला शाळेत घातलं नाही.’ पूर्णविराम. झालं?

अक्का : झालं. मला याच्यात चूक दिसत नाही.

बापू : रविवारी तू येशील ना?

अक्का : कुठे? मला बोलावणं नाहीये.

बापू : मी आज सांगणारच होतो…

अक्का : हो रे. आधी सात नंबर, मग बोलावणं. क्रमानंच आलास तू.

बापू : मार हवं तर मला, पण असं बोलू नकोस. फोन दे गं माझा. आधी त्या बेचाळीस जणांना सांगतो, पुस्तक नंतर.

सून : मी लिहून देते.

बापू : नाही, माझ्या हातानं लिहितो. हं… ‘क्रमांक सात ही आपली अक्का आहे. ती कामवाली नव्हती. तिच्या कडेवरचा मुलगा मी आहे. मी तिला ओळखलं नाही, याची मला लाज वाटते.’ असं चालेल?

अक्का : ‘ओळखायचं टाळलं’ म्हणालास मगाशी.

बापू : …‘मी तिला ओळखायचं टाळलं, याची मला लाज वाटते.’ पाठवतो. गेलं.

सून : बघा, लगेच यायला लागले. हात जोडलेत एकानं. हे हृदय. हे दुसरं हृदय. मोठ्या काकूंनी लिहिलंय, ‘अगं बाई, खरंच की!’ मघाचा तो ‘बिचारी’ काढून टाकला त्यांनी.

अक्का : वाच, वाच. करमणूक आहे.

सून : ‘किती गोड दिसतात.’ मग पुन्हा हात. मग कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या काकांचा मुलगा…

अक्का : त्याचं काय? थांबलीस का?

सून : काही नाही. असंच काहीतरी लिहिलंय.

अक्का : वाच गं. या वयात मला काय होणार आहे?

सून : तो विचारतोय, ‘अक्का अजून आहेत?’

बापू : मूर्ख आहे तो. दुर्लक्ष कर.

अक्का : मूर्ख कशानं? त्याला माहीत नाही, तो विचारतोय. तुमच्यापैकी हा पहिलाच, ज्यानं अंदाज केला नाही. उत्तर दे त्याला.

बापू : काय देऊ?

अक्का : आहे म्हणावं. आणि पत्ता दे. कोणाला यायचं असेल तर येईल.

बापू : देतो. ‘आहे. ठणठणीत आहे. पत्ता…’ अक्का…

अक्का : काय रे?

बापू : घर नंबर काय गं तुझा?